बेघरांचे मदतनीस आणि कायदा : एक आढावा

बेघरांना मदत करणारी व्यक्ती अशी स्वतंत्र वर्गवारी भारतीय कायद्यात कोठेही नाही. पदपथावरच्या कुटुंबाला रात्री डाळभात नेऊन देणारा गृहस्थ, स्थानकाबाहेर एकटे सापडलेले मूल जवळ घेणारी कार्यकर्ती, रस्त्यावर भरकटणाऱ्या मनोरुग्णाला आश्रय देणारा डॉक्टर आणि महानगरपालिकेच्या रात्रनिवाऱ्याचे व्यवस्थापन पाहणारी संस्था हे सारे एकच काम करीत असले, तरी कायदा त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरांनी पाहतो. कधी त्याला त्यांच्यात गुन्ह्याला हातभार लावणारा दिसतो, कधी अन्न व्यावसायिक, कधी विनापरवाना संस्थाचालक, तर कधी शासनाचा कंत्राटदार. त्यामुळे या विषयाचा आढावा घेताना एखाद्या कायद्याची कलमे सांगून भागत नाही. भीक, अन्नसुरक्षा, बालकांचे संरक्षण, मानसिक आरोग्य, विश्वस्त संस्था आणि नगरपालिका अशा निरनिराळ्या विषयांवरील कायद्यांचे धागे एकत्र करून पाहावे लागतात.

२०११च्या जनगणनेने उघड्यावर, पदपथावर, पुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर किंवा मोठ्या नळांमध्ये राहणाऱ्यांना बेघर मानले आणि देशात अशा सुमारे १७ लाख ७३ हजार व्यक्तींची नोंद केली. त्यांपैकी ९ लाख ३८ हजारांच्या आसपास शहरांमध्ये होत्या. पुढील विवेचन प्रामुख्याने या शहरी बेघरांच्या मदतनिसांविषयी आहे, आणि त्याचा केंद्रबिंदू महाराष्ट्र आहे. याचे कारण असे, की या क्षेत्रातला सर्वांत प्रभावी कायदा मुंबईत तयार झाला आणि येथूनच तो इतर प्रांतांत गेला.

हा कायदा म्हणजे १९५९चा मुंबई भीक प्रतिबंध अधिनियम होय. १९४५च्या मुंबई भिकारी कायद्याची जागा त्याने घेतली, पुढे तो दिल्लीलाही लागू करण्यात आला, आणि अनेक राज्यांनी त्याच्या धर्तीवर आपापले कायदे केले; गोव्यातही १९७२चा स्वतंत्र भीक प्रतिबंधक कायदा आहे. मुंबईच्या कायद्यातील भीक मागण्याची व्याख्या विलक्षण रुंद आहे. सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे एवढ्यावर ती थांबत नाही. गाणे, नाच, भविष्यकथन, कसरत किंवा किरकोळ वस्तूंची विक्री यांच्या मिषाने केलेली याचनाही तिच्यात येते, आणि उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी अशा अवस्थेत हिंडणे किंवा थांबणे, की ज्यावरून ही व्यक्ती भिक्षेवर जगत असावी असे वाटेल, हेसुद्धा या व्याख्येनुसार भीक मागणेच ठरते. वासुदेव, बहुरूपी, नंदीवाले, डोंबारी अशा ज्या समाजांना महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या दारापुढे धान्य मिळत आले, त्यांचे जगणे या एका व्याख्येने गुन्ह्याच्या कक्षेत आणून ठेवले. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतही भटकेपणा आणि भटक्या जमाती एकाच नोंदीत शेजारी-शेजारी बसवलेल्या आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या कायद्याखाली पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येते. न्यायालय संक्षिप्त चौकशी करून पहिल्या वेळी एक ते तीन वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकते, आणि वारंवार पकडल्या गेलेल्यांच्या बाबतीत ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. मदत करणाऱ्याचा संबंध येथे तीन ठिकाणी येतो. पहिला संबंध कलम ११चा आहे. दुसऱ्यास भीक मागायला लावणाऱ्यास, किंवा एखादे मूल आपल्या ताब्यात वा देखभालीखाली असताना त्याला भीक मागायला लावण्याकडे डोळेझाक करणाऱ्यास, या कलमाखाली एक ते तीन वर्षे कारावास होऊ शकतो. मूळ रोख टोळ्यांवर असला, तरी देखभाल हा शब्द निवारे चालवणाऱ्यांनाही स्पर्श करू शकतो. दुसरा संबंध हमीपत्राचा. पकडलेल्या व्यक्तीने यापुढे भीक मागू नये यासाठीचे हमीपत्र ती व्यक्ती स्वतः किंवा न्यायालयाला योग्य वाटेल अशी अन्य व्यक्ती लिहून देऊ शकते, आणि व्यवहारात ही अन्य व्यक्ती बहुधा एखादा कार्यकर्ता असतो. तिसरा संबंध सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे, परंतु आढाव्याच्या दृष्टीने तोच कळीचा. भिक्षा देणे हा या कायद्यात गुन्हा नाही, स्वीकारणे मात्र आहे. आणि कायद्याने अधिकृत कारणासाठी गोळा केलेले पैसे, अन्न वा भेटवस्तू व्याख्येतून वगळल्या असल्यामुळे, एरवी अन्न हेही भिक्षेत मोडते असा अर्थ निघतो. म्हणजे पदपथावर जेवणाचे पाकीट देणारा निर्दोष राहतो, आणि ते घेणारा मात्र त्याच क्षणी कायद्याच्या तावडीत सापडतो. देणाऱ्याच्या कृतीतूनच घेणाऱ्याविरुद्धचा पुरावा उभा करणारी ही रचना आहे, आणि तिच्याकडे सदोष मसुद्याचा नमुना म्हणूनच पाहावे लागते.

या व्याख्येला मोठा धक्का ८ ऑगस्ट २०१८ रोजी बसला. हर्ष मंदर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, न्या. गीता मित्तल आणि न्या. सी. हरिशंकर यांनी, भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्याकडून भीक मागवणाऱ्यास शिक्षा करणारे कलम ११ मात्र कायम ठेवले. पुढच्याच वर्षी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तेथील १९६०चा कायदा रद्दबातल केला. २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, रस्त्यावरील भिक्षेकऱ्यांना हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा, दारिद्र्यातून उद्भवणाऱ्या या प्रश्नाकडे उच्चभ्रू दृष्टीने पाहण्यास न्यायालयाने नकार दिला. परंतु उच्च न्यायालयाचा निवाडा त्याच्या अधिकारक्षेत्रापुरता बंधनकारक असतो. ज्या महाराष्ट्रात हा कायदा जन्मला तेथे तो अद्याप पुस्तकावर आहे आणि चेंबूरचे भिक्षेकरी गृह त्याच्याच आधारे चालते.

अलीकडच्या काळात खरा बदल घडला तो कायद्यांत नव्हे, प्रशासकीय आदेशांत. मार्च २०२३ मध्ये नागपूरच्या पोलीस आयुक्तांनी तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४चा, म्हणजे लोक ज्याला जमावबंदी म्हणतात त्या अधिकाराचा, वापर करून चौकांत भीक मागण्यास मनाई केली. या आदेशाचे लक्ष्य मागणारा होता. इंदूरच्या जिल्हा प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या आदेशात मात्र देणाराही लक्ष्य झाला, भीक देणाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याची तरतूद झाली, आणि त्याच महिन्यात मंदिराबाहेर दहा रुपये देणाऱ्यावर तसा गुन्हा नोंदवला गेल्याचे वृत्त आले. फेब्रुवारीत भोपाळनेही तोच मार्ग धरला. या आदेशांचा आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३चा, म्हणजे जुन्या कलम १४४च्या नव्या अवताराचा आहे, आणि आदेश मोडणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३खाली कारवाई होते.

हा पाया कायद्याच्या कसोटीवर कच्चा दिसतो. कलम १६३ तातडीच्या उपद्रवासाठी वा धोक्यासाठी आहे. त्याखालील आदेश एरवी दोन महिनेच टिकतो आणि राज्य शासनाने वाढवला तरी आणखी सहा महिन्यांपलीकडे जात नाही, तर दारिद्र्य ही काही दोन महिन्यांची आपत्ती नव्हे. असे आदेश पुन्हा पुन्हा काढणे म्हणजे अधिकाराचा गैरवापर होय, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात २०२० मध्ये म्हटले आहे. कलम २२३खाली निव्वळ आज्ञाभंग पुरेसा नसतो. त्या आज्ञाभंगामुळे अडथळा, त्रास किंवा धोका निर्माण झाला, किंवा होण्याचा संभव होता, हे दाखवावे लागते. शिवाय अशा गुन्ह्याची दखल न्यायालयाला संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेता येते. दहा रुपयांची नोट एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याने कोणाच्या जिवाला धोका पोचतो, हे अभियोग पक्षाला सांगता येणे अवघड आहे. तरीही अशा आदेशांचा परिणाम खटल्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो, कारण एका गुन्ह्याची बातमी हजार हात मागे घेण्यास पुरते. भीक देण्याने भीक वाढते, या युक्तिवादात तथ्य असेलही. पण देणाऱ्याला परावृत्त करायचे तर त्याआधी पर्यायी जेवणाची आणि निवाऱ्याची व्यवस्था उभी असली पाहिजे, आणि आदेश काढणे ही व्यवस्था उभारण्याहून स्वस्त पडते, हेच या धोरणाच्या लोकप्रियतेचे कारण दिसते.

देणाऱ्यावर निर्बंध घालण्याचा प्रकार भारताचा शोध नव्हे. अमेरिकेतील अनेक शहरांनी सार्वजनिक ठिकाणी अन्नवाटप करण्यावर नियम घातले आहेत. ह्यूस्टन शहराने २०१२ मध्ये पाचांहून अधिक गरजूंना जेवण द्यायचे असल्यास जागेच्या मालकाची लेखी संमती आवश्यक केली, तर फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे २०१४ मध्ये ९० वर्षांच्या अर्नोल्ड ॲबट यांच्यावर उघड्यावर अन्न वाटल्याबद्दल कारवाई झाली आणि ती जगभर गाजली. त्याच शहरातील दुसऱ्या एका गटाच्या दाव्यात २०१८ मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने असे मत दिले, की बागेत बेघरांसोबत बसून केलेले सहभोजन हा एक सामाजिक संदेश आहे आणि म्हणून त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. भारतात असा युक्तिवाद करायचा झाल्यास अनुच्छेद १९च्या जोडीला अनुच्छेद २५चाही, म्हणजे धर्माचरणाच्या स्वातंत्र्याचाही, आधार घेता येईल. कारण अन्नदान, लंगर आणि जकात ही येथे श्रद्धेची अंगे आहेत.

अन्नदानाचा दुसरा कायदेशीर पैलू शिजवणाऱ्याच्या जबाबदारीचा आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील अन्न व्यवसायाची व्याख्या नफ्यासाठी असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही उपक्रमांना सारखीच लागू होते, आणि २०११च्या परवाना विनियमांनी धार्मिक वा सामाजिक समारंभांत अन्न वाटणाऱ्यालाही नोंदणीच्या कक्षेत घेतले आहे. याचा अर्थ, भंडारा घालणारे मंडळ आणि दर रविवारी पुलाखाली खिचडी वाटणारा मित्रांचा गट हे दोघेही कायद्याच्या दृष्टीने छोटे अन्न व्यावसायिक आहेत, मग ते त्यांच्या ध्यानीमनीही नसो. लग्नसमारंभ आणि उपाहारगृहांतील उरलेले चांगले अन्न गोळा करून वाटणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र विनियम आले. त्यांनुसार अशा संस्थेने नोंदणी करायची, नोंदवही ठेवायची, अन्नाची वाहतूक आणि साठवण योग्य तापमानात करायची आणि पाकिटावर आवश्यक माहिती द्यायची असते. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या रोटी बँकेसारख्या उपक्रमांनंतर अशा नियमांची गरज होतीच, कारण रस्त्यावरच्या माणसाला शिळे अन्न चालते ही समजूत मदतीच्या नावाखाली केलेली अवहेलनाच असते. उणीव दुसरीकडे आहे. अमेरिकेत १९९६च्या एका संघीय कायद्याने, गंभीर निष्काळजीपणा किंवा हेतुपुरस्सर गैरवर्तन नसेल तर, सद्‌हेतूने अन्न देणाऱ्याला नुकसानभरपाईच्या दायित्वातून मुक्त केले आहे. भारतीय अधिनियमात तसे व्यापक संरक्षण नाही, आणि त्यामुळे काळजीपूर्वक वागणाऱ्या हॉटेलचालकाला उरलेले अन्न देण्यापेक्षा फेकणे सुरक्षित वाटते. जाता जाता एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. भटक्या कुत्र्यांना कोठे व कसे खाऊ घालावे याची व्यवस्था २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे, रस्त्यावरच्या माणसांना खाऊ घालण्याच्या जागेविषयी मात्र तशी केंद्रीय तरतूद नाही.

मुले आणि मनोरुग्ण यांच्या बाबतीत कायद्याचा कडकपणा वेगळ्या मापाने तोलला पाहिजे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे घर किंवा उपजीविकेचे साधन नसलेले, रस्त्यावर राहणारे वा भीक मागणारे मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल असते. पालकांपासून दुरावलेले, टाकून दिलेले किंवा हरवलेले मूल ज्याच्या हाती लागेल त्याने २४ तासांच्या आत १०९८ या बालमदत क्रमांकावर, पोलीस ठाण्यात, बाल कल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणे बंधनकारक असून, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीविना बालगृह चालवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मायेने मूल घरी ठेवून घेणारा माणूस यामुळे अडचणीत येऊ शकतो, हे खरे. परंतु मुलांच्या तस्करीचा धंदा नेमका अशाच मायेच्या मुखवट्याआडून चालत असल्यामुळे ही सक्ती समर्थनीय आहे, आणि भीक देणाऱ्यावरील बंदीच्या पंक्तीला तिला बसवणे चुकीचे ठरेल.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७च्या कलम १००ने रस्त्यावर भरकटणाऱ्या मनोरुग्णाची पहिली जबाबदारी पोलीस ठाण्यावर टाकली आहे. अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचे असते, कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि ती बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो. कर्जत येथील ज्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते काम अशाच रस्त्यावरील रुग्णांना बरे करून त्यांच्या घरी पोचवण्याचे आहे. मनोरुग्णांना निवासी ठेवणाऱ्या संस्थांना या अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते. ती नसल्यास दंड पाच हजारांपासून सुरू होऊन वारंवारच्या उल्लंघनात पाच लाख रुपयांपर्यंत जातो. दोरखंडाने बांधून ठेवणारी ठिकाणे बंद व्हावीत म्हणून ही तरतूद हवीच.

रस्त्यावर कोसळलेल्या माणसाला उचलणाऱ्याचे संरक्षण हा याच विषयाचा उपप्रश्न आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९च्या सुधारणेने आलेले कलम १३४अ अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी दायित्वापासून वाचवते, आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. पदपथावर झोपलेल्याच्या अंगावर मोटार गेली तर हे संरक्षण लागू होते. तोच माणूस उपासमारीने, उष्माघाताने किंवा थंडीने निपचित पडला असेल, तर मात्र मदत करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०सारख्या सर्वसाधारण अपवादांवर विसंबावे लागते. हे अपवाद खटल्यात बचाव म्हणून उपयोगी पडतात, पोलीस ठाण्यातल्या तासन्‌तासांच्या चौकशीपासून ते कोणाला वाचवत नाहीत.

संस्था म्हणून काम करणाऱ्यांवरचा भार निराळा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली दारिद्र्यनिवारण हा धर्मादाय हेतू आहे, आणि वर्गणी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत नसलेल्या गटांनाही धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते. गणेशोत्सव मंडळांना ही वाट परिचित आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या बदलांनी मोठ्या संस्थेने मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बदल वैध ठरवले. बेघरांमध्ये काम करणारे गट बहुधा लहान असतात आणि त्यांचा मुख्य खर्च रात्रपाळीच्या माणसांच्या मानधनाचा असतो, त्यामुळे या दोन्ही अटी त्यांना विशेष जाचतात.

याउलट निवाऱ्यांच्या बाबतीत शासनच मदतनिसावर विसंबून आहे. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या आदेशांतून दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास खुला असणारा एक निवारा हा निकष पुढे आला आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निवारा योजनेने तो स्वीकारला. बृहन्मुंबईची २०११ची लोकसंख्या सुमारे एक कोटी २४ लाख होती. म्हणजे निकषाप्रमाणे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, आणि प्रत्यक्षातली संख्या त्याहून कितीतरी कमी आहे. जे निवारे आहेत त्यांतले बरेचसे स्वयंसेवी संस्था चालवतात, पण त्यांचे नाते महानगरपालिकेशी कराराचे असते. निधी उशिरा आल्यास संस्थेने खिशातून खर्च करावा आणि तपासणीत त्रुटी निघाल्यास उत्तरही तिनेच द्यावे, अशी ही भागीदारी आहे. दुसरीकडे, संस्थेने पदपथावरील कुटुंबाला पावसाळ्यासाठी दिलेली ताडपत्री १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१४खाली नोटिशीविना काढून नेता येते.

याच कलमाला आव्हान देणारा ओल्गा टेलिस खटला मदतनिसाची आणखी एक भूमिका दाखवतो, ती म्हणजे याचिकाकर्त्याची. १९८१ मध्ये मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावण्याची मोहीम सुरू झाल्यावर ओल्गा टेलिस या पत्रकाराने आणि नागरी हक्क संघटनेने पदपथवासीयांसोबत न्यायालयात धाव घेतली. १० जुलै १९८५च्या निकालाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात समाविष्ट केला. कलम ३१४ मात्र वैध ठरले, नोटीस देणे हा सर्वसाधारण नियम असावा असे सांगितले गेले, आणि हटवण्याची कारवाई ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबवण्यात आली. दुसऱ्याच्या वतीने दाद मागण्याची ही मुभा, म्हणजेच लोकहित याचिका, मदतनिसाला कायद्याने दिलेले सर्वांत मोठे साधन आहे. बेघर मृतांना सन्मानाने अंत्यसंस्कार मिळावेत हा मुद्दाही २००२ मध्ये दिल्लीतील आश्रय अधिकार अभियान या संस्थेमुळेच सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयांचा सूर मात्र एकसारखा राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अन्न व निवाऱ्याची मागणी करणाऱ्या याचिकेत बेघरांनीही देशासाठी काम केले पाहिजे असे सुनावले, तर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने, पदपथावरचे लोक गरीब असले तरी माणसेच आहेत असे म्हणत, त्यांना हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला.

या साऱ्या तरतुदींत एक असमतोल आढळतो. नोंदणी, नोंदवह्या आणि अहवाल यांचा भार नेमका त्यांच्यावर पडतो, जे उघडपणे आणि सातत्याने काम करतात. अंधारात मुले पळवणारी टोळी कोणत्याच नोंदणीला जात नाही. म्हणून मुले, मनोरुग्ण आणि अन्न यांविषयीच्या अटी ठेवून त्यांचे पालन सोपे करणे, सद्‌हेतूच्या मदतीचे संरक्षण वाहन अपघातांपलीकडे नेणे, देणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे आदेश मागे घेणे आणि घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारी १९५९ची व्याख्या रद्द करणे, एवढे किमान बदल आवश्यक आहेत. केंद्राने २०१६ मध्ये निराधार व्यक्तींच्या संरक्षण व पुनर्वसनासाठी आदर्श विधेयकाचा मसुदा केला होता; तो पुढे गुंडाळला गेला. महाराष्ट्राला मात्र त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. भटकेपणा हा विषय समवर्ती सूचीत आहे, विकलांग व काम करण्यास असमर्थ व्यक्तींचे साहाय्य हा राज्य सूचीत आहे, आणि १९५९चा अधिनियम हा मुंबईच्या विधिमंडळानेच केलेला असल्यामुळे तो बदलण्याचा अधिकारही आजच्या महाराष्ट्र विधिमंडळाकडेच आहे.